काय लावलंय?

माझ्या फोनमध्ये 'पवना रिक्षा' नावाचा एक माणूस आहे. त्याच्या खाली 'पीठ काका', मग नुसतंच 'ब्रेड', आणि शेवटी 'मरळ डॉक्टर'. बायकोनं एकदा ही यादी पाहिली आणि विचारलं, "ही माणसं आहेत की किराणा?"

माणसं आहेत. पावसाळ्याचे महिने सोडले, तर गेली अकरा वर्षं बहुतेक रविवारी पहाटे मी यांच्या शेजारी गळ टाकून बसत आलोय. पीठ काकांचं आडनाव मला अजून माहीत नाही. ते कुठल्याशा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, हे कळायलाही चार वर्षं लागली. तेसुद्धा गाठ कशी मारावी यावरून वाद झाला आणि ते म्हणाले, "तीस वर्षं पोरांना नट आवळायला शिकवलंय, तू मला गाठ शिकवू नकोस," म्हणून.

एरवी पुण्यात असं होत नाही. सोसायटीत नवा माणूस आला, की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचं आडनाव, मूळ गाव आणि फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, इतकं काढून झालेलं असतं. पाण्याकाठी पहिला प्रश्न एकच, "काय लावलंय?" दुसरा, "लागतंय का काही?" आणि या दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं, "छे, अजून काही नाही." मग मागं पाण्यात सोडलेल्या जाळीत दोन रोहू धडपडत असले तरी चालेल. याला आम्ही खोटं धरत नाही, ती रीत आहे.

आम्ही बसतो ती जागा खडकवासल्याच्या बॅकवॉटरला कुठंतरी आहे. याहून जास्त सांगितलं तर ब्रेड माझ्याशी बोलणं टाकेल. बसल्यावर सिंहगड दिसतो एवढी खूण देतो, आणि ती निम्म्या तालुक्याला लागू पडते. कधी बदल म्हणून पवनेला जातो, तिकडे रिक्षावाल्याची सासुरवाडी आहे. पाणी मासेमारीच्या ठेक्यानं दिलेलं असलं की आधी ठेकेदाराच्या माणसाला विचारायचं, तो म्हणेल ते पैसे द्यायचे. मग तासाभरानं तोच माणूस आपल्या मागं उकिडवा बसून आपल्याला सल्ले देतो. ते पैशांत धरलेले असतात.

आता चाऱ्याकडे येऊ, कारण खरे मतभेद तिथंच आहेत. पीठ काका कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ एकत्र मळतात, त्यात मध आणि आणखी काहीतरी घालतात. ते 'आणखी काहीतरी' अकरा वर्षं गुप्त आहे. मला हिंगाचा संशय आहे, डॉक्टरांना बडीशेपेचा. ब्रेडवाला स्लाइसची कड काढून नुसता मऊ भाग चिमटीनं गळावर दाबतो आणि म्हणतो, मासा काही मोदक खायला आलेला नाही. मी गांडुळं लावतो. सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात ती फुकट मिळतात. खड्ड्याची देखरेख मी आपण होऊन मागून घेतली, तेव्हा सेक्रेटरींनी माझं पर्यावरणप्रेम सर्वसाधारण सभेत गौरवलं होतं. खरं कारण अजून कुणाला सांगितलेलं नाही.

चाऱ्यानंतरचा वाद खोलीचा. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ पार तळाशी. म्हणजे एकाच जागी तीन मजले, आणि कुठल्या मजल्यावर बेल वाजवायची ते आपण ठरवायचं. दोरीवरचा तरंगता फ्लोट हातभर वर सरकवला की गळ तेवढाच खाली जातो आणि सगळा हिशेब बदलतो. "तुझा फारच वर आहे," असं शेजारचा म्हणाला की आपण मान डोलवायची आणि तसाच ठेवायचा. पाच मिनिटांनी, तो रील गुंडाळण्यात गुंतला की, हळूच खाली करायचा. त्याला हे दिसतं. तो काही बोलत नाही. ज्याला मैत्री म्हणतात त्यातलं बरंचसं मला इथं समजलं.

जुलैपासून पुण्याची माणसं पेपरात पहिल्यांदा टीएमसी, म्हणजे धरणात किती अब्ज घनफूट पाणी आलं, ते वाचतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं भरली की साधारण 29 टीएमसी होतात. त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा जेमतेम 2. बाकीच्यांना त्या आकड्यातून नळाला पाणी एकवेळ की दोनवेळ हे कळतं, आम्हाला बसायचं कुठं ते कळतं. भरल्या पाण्यात काठाचं गवत बुडालेलं असतं, मासा पायाशी येतो. मे महिन्यात पाणी इतकं मागं सरतं, की नोव्हेंबरात जिथं गळ टाकला तिथं चिखल वाळून भेगा पडलेल्या असतात, आणि मधोमध आपलाच तुटलेला गळ एका बाभळीच्या बुंध्याला लटकत असतो. पवनेत अशाच उन्हाळ्यात वाघेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं. रिक्षावाला तिथं आधी नमस्कार करून मगच काठी जोडतो. त्या दिवशी त्याला काही लागत नाही, पण तो दोष देवाला देत नाही, माझ्या गांडुळांना देतो.

मला मात्र नेहमी लागते ती चिलापी. बाकी कुणाच्या गळाला काही नसलं तरी माझा फ्लोट टुकटुक हलतो. पहिल्या वर्षी मी हरखायचो. ओढून काढलं की तळहाताएवढी, काटे फुगवलेली, रागावल्यासारखी चिलापी. हिचं मूळ आफ्रिकेतलं, भारतात आणली 1952 साली, आणि तेव्हापासून तिनं एकही पाणी सोडलेलं नाही. मादी अंडी तोंडात धरून वाढवते, पिल्लंही धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात. इतकी काळजी घेणाऱ्या जमातीची संख्या वाढणारच. पीठ काका तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. उजनीकाठी चिलापी चवीनं खातात हे मी त्यांना दरवर्षी सांगतो, आणि ते दरवर्षी म्हणतात, "मग उजनीला जा."

खाण्याचं म्हणाल तर आमच्या घरात मासा शिजत नाही. मी पकडतो ते सोडतो, नाहीतर ठेकेदाराच्या माणसाला देतो. "खात नाही तर पकडता कशाला?" हा प्रश्न सासूबाईंनी पहिल्या रविवारी विचारला, त्याचं उत्तर मी अजून शोधतोय. रिक्षावाल्याकडे मात्र प्रश्नच नाही. लागला तर रविवार, नाही लागला तर गणेश पेठेतून विकत घेऊन रविवार. विकतचा मासा आपणच पकडला असं घरी सांगायचा त्याचा उद्योग बायकोनं एकदाच उघडा पाडला, कारण त्या दिवशी त्यानं पापलेट नेलं होतं.

डॉक्टर दातांचे आहेत आणि फक्त मरळीच्या मागं असतात. मरळीला पाण्यातला प्राणवायू पुरत नाही, हवेसाठी तिला वर यावं लागतं. डॉक्टर तासभर पाण्यावरचा तो एक बुडबुडा शोधत उभे राहतात. दवाखान्यात माणसं तोंड उघडून वाट बघतात, इथं मी, असं त्यांचं म्हणणं. पण पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर खदखदताना दिसला, की ते काठी आडवी ठेवतात. खाली नर-मादी राखण करत असतात, जवळ येईल त्यावर झडप घालतात. अशा वेळी गळ टाकला तर लागण्याची जवळजवळ खात्रीच, म्हणून टाकायचा नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही. एक नवा पोरगा टाकायला निघाला होता. त्याला कुणी काही म्हणालं नाही. सगळ्यांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं रील गुंडाळलं.

वाचन डॉक्टरांचंच. कंपनी सरकारातला कर्नल साइक्स इथं आला होता, त्यानं 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, आणि नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं तशीच लॅटिनमध्ये बसवली, हे मला त्यांच्याकडून कळलं. म्हणून कोळशीच्या शास्त्रीय नावात आजही 'कोलुस' आहे, आणि आपल्या मुळा-मुठेतल्या महसीरच्या नावात 'खुद्री'. यावर ब्रेडवाला म्हणाला, "म्हणजे साहेबानं काठावर कुणालातरी विचारलं असणार, काय लागलंय?" विचारलंच असणार. माशांची नावं राहिली. सांगणारा कोण होता, त्याचं आडनाव काय, हे साहेबानंही विचारलेलं दिसत नाही.

ती महसीर आमच्यापैकी कुणाला मुठेत लागलेली नाही. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात तिची पिल्लं वाढवून देशभर पाठवली गेली, ती दूर कुठं कुठं लोकांना लागते म्हणे. पुण्याच्या पोरांसारखंच झालं हे.

एकच रविवार असा होता की आम्ही सगळे उभे राहिलो. रिक्षावाल्याचं रील किर्र वाजायला लागलं आणि थांबेचना. मोठा मासा लागला की आजूबाजूच्यांनी विचारायची वाट न बघता आपापल्या दोऱ्या बाहेर काढायच्या, नाहीतर मासा सगळ्या दोऱ्यांची वेणी घालतो. आम्ही काढल्या. काका "ढील दे, ढील दे" म्हणत त्याच्या उजव्या खांद्यापाशी, ब्रेडवाला जाळी घेऊन गुडघाभर चिखलात, डॉक्टर नुसतेच "हं... हं..." करत. मी त्याची टोपी धरून उभा. टोपी का धरली होती ते आठवत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी कटला एकदा वर आला, आम्हाला ते मोठं डोकं दिसलं, आणि काठापासून दोन हातांवर दोरी तटकन तुटली.

कुणी काही बोललं नाही. काकांनी थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून पहिल्यांदा त्याला दिला. एरवी पहिला चहा ते स्वतः घेतात. कटला वर्षाला किलोभर सहज वाढतो असं मत्स्यबीजवाले सांगतात. आमचा मात्र त्या दिवसापासून दर रविवारी वाढतोय, आता बहुतेक रिक्षात मावणार नाही.

आम्ही कधी समोरासमोर बसत नाही. हॉटेलात माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात, मग चेहरा सांभाळावा लागतो. इथं सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. काही सांगायचं असेल तर फ्लोटकडे बघत सांगता येतं, आणि ऐकणाराही फ्लोटकडेच बघतो. ब्रेडवाल्याची नोकरी गेली ते त्यानं असंच सांगितलं. नंतर बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "किती दिवसांचं धकेल?" "चार महिने." "हं. तुझा फ्लोट बुडाला बघ." मराठीत 'गळ घालणं' म्हणजे विनवणी करणं. व्युत्पत्तीवाले काही म्हणोत, हा वाक्प्रचार ज्यानं काढला तो काठावर बसून कंटाळलेला असणार अशी माझी समजूत आहे. आम्ही एकमेकांना कधी गळ घालत नाही. काकांनी मात्र त्या आठवड्यात जुन्या कारखान्यात दोन फोन केले, हे आम्हाला ब्रेडवाल्याकडून कळलं, काकांकडून नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री 'पीठ काका' असा फोन वाजला. उचलला तर बाईचा आवाज.

"चिलापी काका का?"

मी गप्प.

"सॉरी हं, बाबांच्या फोनमध्ये नाव तसंच आहे. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. महिनाभर धूळ, ऊन काही नको म्हणालेत डॉक्टर. उद्या येणार नाहीत, सांगा म्हणाले." मागून काकांचा आवाज आला, "पाणी किती उतरलंय विचार."

अकरा वर्षं मी यांच्या फोनमध्ये चिलापी आहे. बायकोला सांगितलं तर ती इतकी हसली, की तिनंही तिच्या फोनमधलं माझं नाव बदललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. काकांची जागा, तो चपटा दगड, रिकामाच ठेवला. तिथं कुणी बसेना. साडेसातला रिक्षावाल्यानं त्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्या दगडावर ठेवला.

"काका, पाणी मागच्या खेपेपेक्षा दोन हात खाली."

"वारा?"

"पूर्वेकडून."

"मग आज काही लागत नाही. काय लावलंय?"

"तुमचंच पीठ. पण तसं होत नाही."

फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मग काका म्हणाले, "दालचिनी टाक. चिमूटभरच."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. रिक्षावाल्यानं काठी सरळ केली. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, काकाही नाहीत. पलीकडच्या काठावर टिटवी ओरडत होती, ती त्यांना ऐकू जात असावी. बऱ्याच वेळानं माझा फ्लोट हलला. मी दगडाकडे पाहिलं, तर फोन चालूच होता, सेहेचाळीस मिनिटं झाली होती.

"काय आहे?" फोनमधून आवाज आला.

"चिलापी," मी म्हणालो.