‘लाईट’ची वही: शब्द एक, घरं दोन

‘लाईट’ची वही निम्म्यावर आलीय. आतापर्यंत अर्थ सापडेल तसे एकाखाली एक उतरवत होतो. या महिन्यात त्यांची दोन घरांत वाटणी केली.

कारण दिसायला एक असला तरी हे मुळात दोन शब्द आहेत. उजेडाचा लाईट वेगळा, वजनाला हलका तो लाईट वेगळा. जुन्या इंग्रजीतच दोघांचं रूप एकसारखं झालं. उजेडवाल्याचे भाऊबंद म्हणजे लॅटिन ‘लक्स’ आणि संस्कृत ‘रुच्’, म्हणजे चकाकणे. वजनवाल्याचा भाऊबंद संस्कृत ‘लघु’. त्या लघुचं प्राकृतात ‘लहु’ झालं, अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’, आणि त्यातून आपले ‘हलका’ नि ‘हळू’. लाईट आणि हलका एकाच कुळातले निघाले! या नोंदीचा मला फार आनंद आहे.

हलक्या घरात आम्हा लातूरकरांची पहिली नोंद अर्थातच बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही अडीच फुटी रेल्वे १८९७ ला सुरू झाली, १९११ ला लातूरपर्यंत आली. रूळ हलके, आणि एका आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा तिचा हिशेब. नावातला लाईट तो हा.

उजेडाच्या घरात मराठवाड्याची भर मोठी. ‘लाईट गेली’, ‘लाईटबिल’, ‘या आठवड्यात शेतातली लाईट रात्रीची आहे’. भर उन्हात मोटार चालवायलाही लाईटच लागते, म्हणजे वीज. आता बारकाईने ऐका: ‘लाईट गेली’, पण ट्रॅक्टरचा ‘लाईट फुटला’. वीज ती, म्हणून लाईट ती. दिवा तो, म्हणून लाईट तो. हे इंग्रजी कोशात कुठून मिळणार? लाल शाईने लिहून ठेवलंय.

कापडदुकानातला ‘लाईट कलर’ फिका म्हणून हलक्यात जाईल असं वाटतं, पण तो उजेडवाल्यांचा. ‘टेन्शन नको, लाईट घे’ मात्र हलक्यातलाच.

पुढची पानं फुफ्फुसांसाठी. इंग्रजीत कापलेल्या जनावराच्या फुफ्फुसांना ‘लाईट्स’ म्हणतात, वजनाला हलकी म्हणून. ‘लंग’ हा शब्दही त्याच मुळाचा. मग ‘अलाइट’, म्हणजे वाहनातून उतरणे. मूळ कल्पना घोड्यावरचा भार हलका करण्याची.