एका आम्लाची दोन टोकं

बारावीला फंक्शनल ग्रुप, म्हणजे रेणूचा स्वभाव ठरवणारे अणूंचे गट, शिकवताना मी तक्ता काढायच्या फंदात पडत नाही. अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन ही जंत्री क्लासवाल्यांनी आधीच घोकून घेतलेली असते. मी सॅलिसिलिक आम्लाची बाटली टेबलावर ठेवते.

बेन्झीनच्या कड्यावर शेजारी-शेजारी दोन गट: एक फिनॉलचा ओएच, दुसरा कार्बोक्सिलिक आम्लाचा सीओओएच. कुरुपावर लावायच्या पट्टीत हे आम्ल जसंच्या तसं असतं. सीओओएचशी मिथेनॉलची अभिक्रिया घडवली की मिथाइल सॅलिसिलेट मिळतं, म्हणजे सांधेदुखीच्या मलमाचा तो नाकात शिरणारा वास. (उटीला नीलगिरीच्या तेलाशेजारी विंटरग्रीनचं तेल विकायला असतं, त्यातही मुख्य माल हाच.) सीओओएचला हात न लावता ओएचवर ॲसिटाइल गट बसवला की ॲस्पिरिन. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं १८९७ साली ते शुद्ध स्वरूपात बनवलं.

मग तिन्ही पदार्थ परीक्षानळ्यांत. फेरिक क्लोराईडचे दोन थेंब टाकले की सॅलिसिलिक आम्ल गडद जांभळं होतं. मिथाइल सॅलिसिलेटही जांभळंच, कारण त्याचा फिनॉल मोकळा आहे. शुद्ध ॲस्पिरिन मात्र ढिम्म. सोडिअम बायकार्बोनेट घातलं की चित्र उलटं: ॲस्पिरिन फसफसतं, मिथाइल सॅलिसिलेट गप्प. कुठलं टोक बांधलेलं आणि कुठलं मोकळं, हे पोरं स्वतःच ओरडून सांगतात. स्पॉटिंगच्या जर्नलात ‘टेस्ट, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स’ असे तीन रकाने भरण्यापेक्षा मला हा गोंगाट परवडतो.

पावसाळ्यात आणखी एक गंमत जमते. ॲस्पिरिनची भुकटी दमट हवेत उघडी राहिली की त्यातलं ईस्टर, म्हणजे ॲसिटाइल गट आणि ओएच यांची जोडणी, पाण्यानं हळूहळू तुटतं. झाकण काढताच व्हिनेगरचा वास येतो, तेच ॲसिटिक आम्ल. त्या भुकटीला फेरिक क्लोराईड लावलं तर आता जांभळी छटा येते. औषध उतरल्याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो ॲस्पिरिनचा शरीरातला उद्योग. सायक्लोऑक्सिजिनेज नावाच्या एन्झाइममध्ये सेरीन हे अमिनो आम्ल असतं आणि त्यालाही एक ओएच असतो. ॲस्पिरिन आपला ॲसिटाइल गट त्या ओएचला देऊन मोकळं होतं आणि एन्झाइमचं काम थांबतं. रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेटना त्या कामात हे एन्झाइम लागतं. पण त्यांना केंद्रक नसतं, त्यामुळे नवं एन्झाइम बनवणं त्यांना जवळजवळ जमतच नाही. ती प्लेटलेट असेतो, म्हणजे आठ-दहा दिवस, बंदच. माझ्या वडिलांची ७५ मिलिग्रॅमची रोजची गोळी एवढीशी असून पुरते ती यामुळे. आणि ऑपरेशन ठरलं की डॉक्टर आधीच विचारतात, ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’