पडवीतली पुस्तकपेटी

साताऱ्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही सहा जणांनी वाचन मंडळ काढलं. महिन्याला एक पुस्तक, आणि रविवारी संध्याकाळी 'चार भिंती' नावाच्या टेकडीवर बसून त्यावर गप्पा. एकदा मैत्रिणीनं विषय काढला. तिचा धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत होता आणि पुस्तक दिसलं की पळायचा. तिथं जाऊन मुलांबरोबर वाचूया का?

परवानगीत महिना गेला. मुख्याध्यापिका बाईंनी कॉलेजचं पत्र मागितलं, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स घेतली आणि विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवला. लहान मुलांचा प्रश्न आहे, एवढी चौकशी हवीच. बैठकीत एका आईनं विचारलं, "तुमच्या परीक्षा आल्या की तुम्ही यायचं बंद करणार. मग पोरांनी काय करायचं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तरी होकार मिळाला. अट एवढीच की शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास यायचं आणि वर्गशिक्षिका हजर असणार.

पहिल्या शनिवारी मी गोष्ट वाचून दाखवली आणि शेवटी तात्पर्य विचारलं. वर्ग एकदम गप्प झाला. पुढच्या खेपेपासून तात्पर्य बंद. एका मुलाशेजारी एक ताई किंवा दादा बसायचा, आणि वाचायचं मुलानं.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी ओळीखाली बोट धरून वाचायची. 'सूर्य' बिनचूक, कारण डोक्यावरचा रफार तिच्या ओळखीचा. पण 'दुसऱ्या'तला अर्धा र तिला दिसायचाच नाही, ती 'दुसया' म्हणायची. मी शब्द सांगणार तेवढ्यात वर्गाच्या बाईंनी डोळ्यांनीच मला थांबवलं. ती वाक्याच्या सुरुवातीला गेली, पुन्हा वाचत आली आणि म्हणाली, "दुसऱ्या दिवशी!" मग वर बघून हसली. मुलं अडली की थांबायचं, हे मी तिथं शिकले आणि अजून पाळते.

पुस्तकांची मात्र ओढाताण होती. घरोघर मागितल्यावर मिळाले ते दिवाळी अंक आणि गाईडं. मग 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरून मराठी गोष्टी उतरवून घेतल्या. तिथं त्या वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या असतात, मोफत असतात आणि छापायलाही परवानगी असते. वर्गणी काढून वीस छापून घेतल्या.

दरम्यान एका रविवारी आम्ही एसटीनं पाचगणी गाठून भिलारला गेलो. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. पुस्तकं लोकांच्या घरात असतात, जाऊन बसायचं आणि वाचायचं. एका घराच्या ओसरीवर बसल्याबसल्या मला त्या आईचा प्रश्न आठवला. पुस्तकं आमच्याबरोबर येऊन आमच्याबरोबरच परत का जावीत?

नोव्हेंबरात आमच्या परीक्षा लागल्या, तेव्हा वीस पुस्तकांची पत्र्याची पेटी त्याच आईच्या पडवीत ठेवली. सोबत नोंदीची वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल.

पाच आठवड्यांनी गेलो तर वहीची चार पानं भरली होती. एका पुस्तकाचं फाटलेलं पान भाताच्या खळीनं चिकटवलेलं होतं. दोन पुस्तकं बाहेर होती, आणि त्यातल्या एकापुढे त्या आईचंच नाव होतं.