करी रोडच्या पुलावरून

आज बाबांना घेऊन करी रोडला गेले होते. पुलावर थांबून ते गिरणीची चिमणी शोधत होते. "श्रीनिवास मिल इथंच ना?" होती. आता तिथे वर्ल्ड वन हा निवासी मनोरा, तब्बल २८० मीटर उंच.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमात पुनर्विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीत रिकामी जमीन असते कितीशी? सगळ्या शेडच की!

बाबा १९८२ च्या गिरणी संपात बाहेर पडले ते कायमचेच. मान वर करून मजले मोजू लागले, चाळिसाव्यावर चुकले. मग म्हणाले, "एवढ्या वर पाणी चढतं का गं?"

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरही चढत नाही.