फो खाताना

व्हिएतनाममधल्या सायगॉनच्या गल्लीतल्या साध्या दुकानात फो, म्हणजे मांस घातलेलं तांदळाच्या नूडल्सचं सूप, मागवला की सोबत परडी येते: थाई तुळस, लांब दातेरी पानांची कोथिंबीर, मुगाचे लांब मोड, लिंबू, मिरची. आधी नुसतं सूप चाखा. हाडं, भाजलेलं आलं-कांदा, चक्रीफूल, दालचिनी तासन्‌तास उकळून आलेली ती चव होइसिन सॉस ओतला की गोडाखाली दबते. सॉस बशीत घ्या, मांस त्यात बुडवा. बीफचे कच्चे काप मागवले असतील तर ते लगेच सुपात दाबा. सूप निवलं की शिजत नाहीत. मोड मूठभर एकदम टाकू नका, त्यानंच सूप गार पडतं. हनोईत परडी सहसा नसते, व्हिनेगरमधला लसूण असतो. मला तोच फो जास्त आवडतो. गप्पा नंतर मारा, नूडल्स फुगतात.