घडीचा चाकू

आज बोहरी आळीत दीड तास घालवला, एका घडीच्या चाकूसाठी! गेल्या पावसाळ्यात राजगडावर, पद्मावती माचीवर कांदा चिरताना बिनलॉकचा चाकू मिटला आणि बोटाला खोल चीर गेली. तेव्हापासून लॉक ही माझी पहिली अट.

मित्राचा ओपिनेल ८ नंबर, हा फ्रेंच बनावटीचा घडीचा चाकू, हाताळला होता. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, पातं मिटू नये म्हणून फिरवून बसवायची कडी, खिशात जाणवतही नाही. फार देखणा. पण लाकडी मूठ पावसात फुगते, मग पातं उघडता उघडत नाही. शिवाय त्याचं कार्बन स्टीलचं पातं; धार सुरेख लागते, पण सह्याद्रीच्या ओल्या हवेत लगेच गंजाचे डाग धरतं.

शेवटी स्टेनलेसचा, लायनर लॉकवाला (मुठीतली धातूची पट्टी उघड्या पात्यामागे सरकून ते अडवते) घेतला. घरी येऊन आधी टोमॅटो कापला. साल जराही दबली नाही. शनिवारी तोरण्यावर नेतोय.