आधी खाली उभं राहा

फोन बहुतेक रात्री जेवणानंतर येतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या आमच्या गावचा कुणीतरी, नाहीतर त्याच्या ओळखीतला कुणीतरी. "दादा, ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून बसायचंय. सुरुवात कशी करू?" मी कळंबोलीत राहतो, एकोणीस वर्षं ओपन ट्रेलर चालवतो, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर ऐकून निम्मे नाराज होतात. बसायचं नंतर बघू, आधी खाली उभं राहायला शिका, एवढंच मी सांगतो. आज जरा सविस्तर सांगतो.

लायसन्सचं एका दमात उरकतो. वीस वर्षं पूर्ण हवीत. आधी हलक्या गाडीचं पक्कं लायसन्स, त्याला एक वर्ष झालं की ट्रान्सपोर्टचं. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे शिकल्याचा दाखला, आणि डॉक्टरचा दाखला लागतो. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली. वाशी, पनवेल, ठाणे, ज्या आरटीओच्या हद्दीत राहता तिथं जा. एजंटाला पैसे देऊन टेस्ट न देता लायसन्स घेणारे आहेत, ते पहिल्या रिव्हर्सला ओळखू येतात. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग आधी उजवीकडे मारावं लागतं. हे डोक्याला कळतं, हातांना कळायला महिने जातात.

आता मुद्द्याचं. ओपन ट्रेलर म्हणजे पुढे घोडा, म्हणजे इंजिन-केबिनचा ओढणारा भाग, आणि मागे 40 फुटी सपाट पाटा. त्याला ना भिंती, ना छप्पर. जेएनपीटी बंदराचा कंटेनर ओढणाऱ्याला चार कोपऱ्यांचे चार लॉक फिरवले की सुटका. (तेही न फिरवणारे महाभाग असतात, आणि मग उरणच्या वळणावर कंटेनर आडवा.) आमच्याकडे आज कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, उद्या प्लेटा, परवा सळया. प्रत्येक माल वेगळा पळतो आणि त्याला धरून ठेवायला साखळी, बेल्ट आणि लाकूड याशिवाय काही नसतं.

नव्या पोराचा ठरलेला समज असतो: वीस टनाचं धूड आहे, ते कुठं जातंय? मीही हेच म्हणायचो. तळोज्यातून पाइपांचे बंडल भरून भिवंडीला निघालो होतो, वस्ताद शेजारी बसलेले. पाऊस भुरभुरत होता. खालच्या थराखाली लाकडी पट्ट्या टाकल्या होत्या, पण वरच्या आणि खालच्या थराच्या मध्ये टाकायचा मी कंटाळा केला. लोखंडावर लोखंड, त्यावर तेल, त्यावर पाणी. शिळफाट्याला रिक्षा आडवी आली, मी ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली आणि मागून असा आवाज आला की मान आपोआप खांद्यात गेली. वरचा बंडल हातभर पुढे सरकून केबिनमागच्या लोखंडी जाळीला टेकला होता. जाळी आत वाकली होती. जाळी आणि माझी पाठ यांच्यात केबिनचा पत्रा होता, बस.

वस्ताद खाली उतरले, विडी पेटवली, जाळीकडे बघितलं. म्हणाले, "गाडी तू थांबवलीस. माल कुणी थांबवायचा?" मग पावसात उभं राहून क्रेन येईपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून म्हणतो, पहिले सहा महिने क्लीनर म्हणून का होईना, माल भरताना खाली उभं राहा. कॉइल गोल, ती गडगडणारच. तिच्या दोन्ही बाजूंना गुटके ठोकून बसवावे लागतात आणि साखळी मधल्या भोकातून घ्यावी लागते. सळ्या 12 मीटरच्या, पाटा 40 फुटांचा, म्हणजे मागे जेमतेम वीतभर जागा उरते. बंडल पुढे नीट सारून घेतला नाही तर शेपूट बाहेर येतं. पूर्वी मागे मीटरभर माल बाहेर चालायचा, लाल फडकं बांधलं की झालं. 2014 पासून तेही बंद. का बंद झालं ते विचारू नका, रात्रीच्या अंधारात सळईमागे येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा विचार करा.

पैशाचं विचाराल तर पगारापेक्षा भत्त्यावर आणि ट्रिपांवर लक्ष ठेवा. ट्रिप मोडते ती रस्त्यावर कमी, उभं राहण्यात जास्त. यार्डात नंबर लागेना, वजनकाट्यावर रांग, माल उतरवायला माथाडी कामगारांची पाळी संपलेली, वाराईवरून, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीवरून, मालक आणि व्यापाऱ्याची फोनवर जुंपलेली, ठाण्यात अवजड गाड्यांना बंदीची वेळ चालू. तुम्ही ताडपत्रीच्या सावलीत. केबिनला एसी आता नव्या गाड्यांना सक्तीचा झालाय, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या. तुमच्या वाट्याला पहिली गाडी जुनीच येणार, तेव्हा टॉवेल दोन ठेवा.

पुण्याकडे माल असला की मी घाट लागायच्या आधी खालापूरला थांबतोच. निघताना कितीही कसून बांधलं तरी गचके खाऊन माल बसतो आणि साखळी सैल पडते. चढाला माल मागे ओढतो, येताना उताराला पुढे ढकलतो. खाली उतरून प्रत्येक साखळीवर पान्हा मारायचा. ताठ असली तर खणकन वाजते, ढिली असली तर नुसती थप्प करते. एवढ्यासाठी दहा मिनिटं जातात, मागचे हॉर्न देतात, मालक विचारतो लोकेशन पुढे का सरकत नाही.

तर यायचंच असेल तर रविवारी या. कळंबोलीचा लोखंड बाजार शांत असतो, रिकाम्या पाट्यावर साखळी टाकून दाखवतो. हातमोजे घेऊन या, चपला घालून येऊ नका.